वाचता येतं हो, साइट वाचू देईल तर!

एक शब्द घेऊ या. ‘विद्यार्थ्याचे’. सरकारी असो, कॉलेजचा असो, स्कॉलरशिपचा असो, कुठलाही ऑनलाइन फॉर्म उघडा, पहिल्याच रकान्यात हा गडी ठाण मांडून बसलेला असतो. ‘विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव’. तुम्ही तो अर्ध्या सेकंदात वाचलात आणि पुढे सटकलात. आता जरा मागे या आणि तो सुटा करून बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी काढलेली, पण म्हणायची मात्र ‘व’नंतर. मग ‘द’ला ‘य’ असा काही चिकटलेला, की दोघांचं मिळून तिसरंच अक्षर वाटावं. आणि सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. रफार! म्हणताना ‘र’ आधी, मग ‘थ’, मग ‘य’, मग काना. बघताना मात्र तोच ‘र’ सगळ्यांच्या शेवटी, कान्याच्या डोक्यावर टोपी घालून बसलेला. म्हणजे डोळे एका रस्त्यानं जातात आणि जीभ दुसऱ्या.

तुमच्या-माझ्या मेंदूनं हा घोळ दुसरी-तिसरीतच निस्तरून टाकलाय. ज्यांना डिस्लेक्सिया आहे त्यांना तो रोज निस्तरावा लागतो. प्रत्येक ओळीत, आणि बरेचदा घड्याळ लावून.

डिस्लेक्सिया म्हटलं की आपल्या पिढीला एकच आठवतं, ‘तारे जमीं पर’. डिसेंबर २००७. आमची अख्खी शाळा दाखवायला नेली होती. ईशान अवस्थी रडला, बाई रडल्या, आम्हीही रडून घेतलं. त्या सिनेमानं एक काम सॉलिड केलं. हा प्रकार म्हणजे आळस नाही, मठ्ठपणा नाही, हे घराघरात पोचवलं. नजरेचा दोषही नाही. ऐकलेला आवाज आणि कागदावरची खूण यांची जोडी मेंदूत झटकन लागत नाही, हे मुख्य दुखणं. बुद्धी शाबूत, वाचन संथ आणि दमवणारं. (ते ‘आइनस्टाइनलाही डिस्लेक्सिया होता’वालं फॉरवर्ड मात्र कृपा करून कुणाला पाठवू नका. त्याला धड पुरावा नाही. शिवाय नीट वाचता यावं यासाठी माणूस जीनियसच असायला हवा, ही काय अट झाली?)

पण सिनेमा संपल्यावर ईशानचं काय झालं, हा विचार कधी केलाय? डिस्लेक्सिया काही दहावीच्या मार्कशीटबरोबर निरोप घेत नाही. तो पोरगा आज माझ्याच वयाचा असणार. कुठल्या तरी ऑफिसात बसून एचआरच्या पोर्टलवर रजा टाकत असेल, इन्शुरन्सच्या अटी वाचत असेल, घरभाड्याचा करार स्क्रोल करत असेल. कदाचित तुमच्या शेजारच्याच क्युबिकलमध्ये असेल. आणि लांबलचक मेल आला की ‘यार, थोडक्यात सांग ना काय आहे ते’ असं म्हणत असेल. तुम्हाला वाटतं, किती टाळाटाळ करतो!

खरं तर या बाबतीत महाराष्ट्राची कॉलर टाइट असायला हरकत नाही. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत सुरू झाली १९९६ साली. त्याच वर्षी राज्य सरकारनं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या क्लिनिकमध्ये तपासणी करून सर्टिफिकेट घेऊन गेलेल्या मुलांची आता तर पिढी झाली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ प्रकारांची यादी आली, तिच्यात अध्ययन अक्षमता आली. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ती नव्हतीच. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तर ठरलेल्या टक्केवारीचं प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा.

मस्त ना? आता त्या पेपरला बसण्यासाठी जो फॉर्म भरायचा, त्याचं बघा. तो ऑनलाइन असतो. आणि तो दहा मिनिटांत म्हणतो, ‘युअर सेशन हॅज एक्स्पायर्ड’.

हा विरोधाभास मला पुण्या-मुंबईत दिसला नाही. तो दिसला मंगरूळपीरला. माझं आजोळ. वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. गावात दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे, नावातला ‘पीर’ तिथला. आता शेलूबाजारकडून समृद्धी महामार्ग गेलाय, गाड्या सुसाट पळतात. माहितीच्या महामार्गावर मात्र अजून बैलगाडीच्या वेगानं जावं लागतं, आणि चूक बैलाची नाही.

माझा मामेभाऊ अकरावीत आहे. सातवीत असताना मामानं त्याला अकोल्याला नेऊन तपासून आणलं, तेव्हा कळलं की डिस्लेक्सिया आहे. पोरगा हुशार आहे. घरातली बोअरची मोटार बंद पडली की मिस्त्रीच्या आधी हा खाली बसतो. जूनमध्ये मी गेले तेव्हा त्याला एका स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता. त्यानं फोनवर तीनदा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा अर्ध्यात बाहेर फेकला गेला. शेवटी आम्ही स्टँडजवळच्या नेट कॅफेत गेलो. तिथल्या दादानं पन्नास रुपये घेतले, आणि फटाफट विचारायला सुरुवात केली. आधार नंबर? खातं कुठल्या बँकेत? ओटीपी आला का, सांग. पासवर्ड काय ठेवू? आणि तो पासवर्ड त्यानं एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवला. त्या वहीत निम्म्या गावाचे पासवर्ड होते! दादा बिचारा सज्जन आहे, पोरांचं काम अडू नये म्हणून लिहून ठेवतो. पण विचार करा, उद्या ती वही हरवली तर?

परत येताना भाऊ म्हणाला, ‘मले वाचता येते ना ताई. पण थे साइट थांबतच नाई माह्यासाठी.’

हे वाक्य माझ्या डोक्यात जाम अडकलं. कारण ते अक्षरशः खरं आहे. आम्ही त्या संध्याकाळी गच्चीवर बसून त्याच्या फोनवर प्रयोग केला. स्कॉलरशिपची माहिती देणारं पान उघडलं. आधी होतं तसं वाचायला दिलं. बारीक अक्षर, ओळी एकमेकींना खेटलेल्या, वर लाल रंगाची सरकती पट्टी आणि तिच्यावर लुकलुकणारं ‘न्यू’. तो दुसऱ्या परिच्छेदात थांबला. मग ब्राउझरचा रीडिंग मोड लावला, अक्षर मोठं केलं, ओळींमधली जागा वाढवली, पार्श्वभूमी पांढरीफटकची पिवळसर केली. आणि फोनला मराठीत मोठ्यानं वाचायला सांगितलं, म्हणजे कानानं ऐकायचं आणि डोळ्यानं मागोवा घ्यायचा. गड्यानं अख्खं पान वाचलं! वेळ लागला, पण वाचलं. त्यात एक अट होती, जी मामाच्या आणि माझ्याही लक्षात आली नव्हती, ती त्यानं आम्हाला दाखवली.

मग आम्ही नियमावली उघडली. ती निघाली पीडीएफ, तीही कागद स्कॅन करून चढवलेली. म्हणजे अक्षरांचा फोटो. फोटोतली अक्षरं मोठी केली की फुटतात, ओळी हलत नाहीत, आणि वाचून दाखवायला सांगितलं तर फोन गप्प. खेळ खलास. आणि फॉर्मवर तर रीडिंग मोड चालतच नाही, कारण तो लेख वाचण्यासाठी आहे, रकाने भरण्यासाठी नाही. म्हणजे वाचणाऱ्यानं कितीही जुगाड केला तरी तो एका हद्दीपर्यंतच. पुढचं काम साइट बनवणाऱ्याचं.

आणि साइट कोण बनवतं, बॉस? हिंजवडीत, मगरपट्ट्यात, ऐरोलीत बसून तुम्हीच ना! कोडिंग तुम्ही करता, डिझाइन तुम्ही करता, ‘कंटेंट’ माझ्यासारखे लिहितात आणि क्लायंटला ‘हो’ तुमचे मॅनेजर म्हणतात.

आता पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘त्यासाठी एक स्पेशल फॉन्ट येतो ना?’ येतो. डच डिझायनर ख्रिस्तियान बूर यांचा ‘डिस्लेक्सी’ २००८ मधला, आणि फुकट मिळणारा ‘ओपनडिस्लेक्सिक’ २०११ मधला. अक्षरांची बुडं जाड, म्हणजे ती उलटीपालटी होऊ नयेत. कल्पना कूल आहे, पण तपासलं तेव्हा फुगा फुटला. ओपनडिस्लेक्सिकनं वाचन सुधारत नाही असं दिसलं. ‘डिस्लेक्सी’नं थोडा फायदा दिसला, पण २०१६ च्या एका अभ्यासात साध्या एरियल फॉन्टला तेवढीच मोकळी जागा दिली, तर फरक गायब! म्हणजे जादू अक्षराच्या आकारात नव्हतीच, जागेत होती. त्याआधी २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या प्रयोगात हेच दिसलं होतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर डिस्लेक्सिया असलेली मुलं लगेच, काही वेगळं न शिकवता, जास्त वेगानं आणि कमी चुका करत वाचू लागली.

वेबच्या जागतिक नियमांतही (२०१८ च्या आवृत्तीत) हे आलंय. वाचणाऱ्यानं ओळींमधलं अंतर दीडपट केलं, अक्षरांमधलं ०.१२ पट आणि शब्दांमधलं ०.१६ पट वाढवलं तरी पान मोडता कामा नये. सगळी मापं अक्षराच्या आकाराच्या हिशोबात.

इथपर्यंत गुगल करून कुणीही सांगेल. खरी मजा मराठीत सुरू होते. रोमनमध्ये अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांच्यात अंतर वाढवलं की झालं. देवनागरीत मात्र शब्दाच्या डोक्यावरून शिरोरेषा जाते. लेटर-स्पेसिंग वाढवलं की तिचे तुकडे पडतात, आणि एक शब्द तीन शब्दांसारखा दिसायला लागतो. ज्याला मदत करायला निघालो त्याच्याच पायात खोडा! म्हणजे इंग्रजीचा फंडा आहे तसा उचलून मराठीवर चिकटवला की काम बिघडतं. (सुदैवानं नियमांतही सोय आहे. एखाद्या लिपीत जे चालत नाही ते सोडून बाकीचं पाळा.) आपल्याकडे वाढवायचं ते शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर. ओळींमधलं तर इंग्रजीपेक्षाही सढळ हातानं. कारण आपली अक्षरं दोन मजले जास्त बांधतात, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेला. इंग्रजीच्या मापानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

‘सगळी कॅपिटल अक्षरं वापरू नका’ हा इंग्रजीतला दुसरा मोठा सल्ला. आपल्याला लागूच नाही, आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. त्याऐवजी आपले सल्ले वेगळे. तिरकी अक्षरं नकोत. देवनागरीत इटॅलिकची परंपराच नाही, बहुतेक वेळा कॉम्प्युटर सरळ अक्षराला नुसता ढकलून तिरकं करतो. लिंकखालची रेघ नेमकी उकाराला खेटते, ‘कु’ की ‘क’ ते कळेनासं होतं, म्हणून ती दोन पिक्सेल खाली सरकवा. सीएसएसमध्ये एका ओळीचं काम आहे. फॉन्ट असा घ्या की ज्यात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ लहान आकारातही वेगळे दिसतील. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फुकट मिळतो आणि माझ्या मते या कामाला झकास आहे. आमच्या गच्चीवरच्या परीक्षेत तोच पास झाला. आणि दोन्ही कडा सरळ रेषेत आणणारं ते जस्टिफाय! मराठी शब्द लांब, फोनचा पडदा अरुंद, मग मध्येच एवढाल्या भेगा पडतात आणि नजर त्या भेगेतून घसरून थेट खालच्या ओळीत जाते. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोडा. वर्तमानपत्रासारखं दिसत नाही म्हणून क्लायंट कुरकुरेल. कुरकुरू द्या.

मराठी वाचणाऱ्या मुलाची अडचण मराठीतच तपासायला हवी, हे शास्त्रज्ञांनाही पटलंय. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरनं २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची चाचणी आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. चाचणी मराठीत आली, तशी डिझाइनची समजही मराठीत यायला हवी ना?

रंगाचं थोडक्यात. काळं-पांढरं झगझगीत नको, फिकट पिवळसर पार्श्वभूमी बऱ्याच जणांना सोसते. पण म्हणून राखाडीवर राखाडीही नको. डिझायनर मंडळींना राखाडीचं एवढं वेड का असतं, हा स्वतंत्र कॉलमचा विषय आहे. आणि ती सरकती पट्टी. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारं काहीही थांबवता आलं पाहिजे, हा नियमच आहे. आपल्या कॉलेजांच्या साइटवर ती पट्टी गेली कित्येक वर्षं हलतेच आहे!

पण माझं विचाराल तर अक्षरांपेक्षा फॉर्मची वागणूक जास्त छळते. आयएफएससी कोड घ्या. अकरा खुणा, पाचवी खूण कायम शून्य, आणि ते शून्य हुबेहूब इंग्रजी ‘ओ’सारखं. धडधाकट वाचणाराही तिथे आपटतो. आधारचे बारा आकडे कार्डावर चार-चारच्या गटात छापलेले असतात, ते तसे वाचता यावेत म्हणूनच. फॉर्मचा रकाना मात्र मधली मोकळी जागा दिसली की लाल होतो. ती जागा आपणहून काढून टाकायला प्रोग्रामला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा तो कॅपचा, पासवर्ड पेस्ट करू न देणारा रकाना, या दोन्हींवर २०२३ च्या नियमांनी बोट ठेवलंय. वेळ संपण्याचंही तसंच. आधी इशारा द्या, एक बटण दाबून वेळ वाढवू द्या, आणि ते बटण दाबायला निदान २० सेकंद द्या. मामेभावाला त्या संध्याकाळी फक्त हे बटण हवं होतं.

इंग्लंडच्या होम ऑफिसनं २०१६ मध्ये डिझायनरांसाठी पोस्टर्स काढली होती. त्यातलं मला आवडलेलं म्हणजे, मागच्या पानावरचं पुढच्या पानावर लक्षात ठेवायला लावू नका, आणि स्पेलिंग अचूकच हवं असा हट्ट धरू नका. ‘शिष्यवृत्ती’ शोधताना कुणी ‘शिश्यवृती’ टाइप केलं तर सर्चनं ‘काहीही सापडले नाही’ म्हणून तोंड फिरवू नये. एवढंच.

बॉस विचारेल, यात आपला फायदा काय? तर त्याला सांगा, आता हा दयाबुद्धीचा मामला राहिला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुगम्यतेचे नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा, असं केंद्राला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल आला. जुलै २०२५ मध्ये सेबीनं तिच्या अखत्यारीतल्या कंपन्यांना परिपत्रक काढलं. आणि ‘एक प्लगइन टाकू, कोपऱ्यात बटण येईल, विषय संपेल’ असं कुणी म्हणालं, तर अमेरिकेतली गोष्ट सांगा. अशाच बटणानं कुठलीही साइट आपोआप नियमात बसते, अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीला २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं दहा लाख डॉलर भरायला लावले.

राहता राहिली भाषा, म्हणजे माझ्या जमातीचं खातं. एका सूचनेत हे वाक्य होतं, त्याच तोंडवळ्याचं इथे देते. ‘सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या अर्जदारांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक राहील.’ यात तारीख नाही, कागदपत्रांची नावं नाहीत, आणि ‘विहित’ दोनदा. मी ते भावासाठी वहीच्या पानावर असं लिहिलं, ‘अर्ज ३१ जुलैपर्यंत भरा. तीन कागद जोडा.’ खाली तिघांची नावं, एकाखाली एक. ते पान त्यानं स्वतःच दोनदा वाचलं, तिसऱ्या कागदासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलला गेला, आणि येताना स्टँडवरून नवा पासवर्ड टाकून आला. हा पासवर्ड त्या दोनशे पानी वहीत नाही.